कोऱ्हाळ्यांचा ऱ्ह

सीबीएसला उतरलं की कोर्टाच्या भिंतीलगत
तिसरं टेबल माझं. वर निळी ताडपत्री,
खाली अकरा वर्षांचा संगणक.
त्याच्या पंख्याची घरघर मला आता ऐकू येत नाही,
थांबली तर येईल.

मागच्या मार्चपर्यंत त्यात विकतची प्रणाली होती.
विकतची म्हणजे एमजी रोडच्या तौसीफनं
पाचशे रुपयांत टाकून दिलेली,
मुळात विकत कुणी घेतली होती ते विचारू नका.
एके दिवशी पावणेपाचला, शपथपत्र अर्धं झालेलं,
पक्षकार घड्याळाकडे बघतोय,
आणि पडदा निळा: अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका.
सत्तावीस टक्के.
कोर्ट उठलं, चहावाल्यानं ग्लास विसळले,
सत्तावीस टक्के.

तौसीफ म्हणाला, ताई, लिनक्स टाकू का?
पैसे पडत नाहीत. आतलं सगळं उघडं असतं,
कुणीही बघावं.

धारणकर वकिलांचं मत असं, की
उघड्यावरचं खाऊ नये, तसं वापरूही नये.
हे ते गाड्यावर मिसळ खाताना म्हणाले,
तर्रीसाठी वाटी पुढे करत.
शेजारच्या टेबलावरचे सुकदेव आहेर म्हणाले,
फुकटचं ते पौष्टिक, पण बिघडलं तर भांडायचं कुणाशी?
प्रश्न बरा होता.
विकतवाल्यांशी आपण कधी भांडलो,
हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.
भाचा पुण्याला असल्याच कामात. त्याचं मत लांबलचक,
फोन स्पीकरवर, मी मेथी निवडत होते.
एवढं कळलं, की फुकट वेगळं नि मोकळं वेगळं,
आणि इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच,
म्हणून ती माणसं कित्येक वर्षं
एकमेकांना समजावत बसलीत.
आपल्याकडे भाजीवालीसुद्धा
कोथिंबीर फुकट देते नि पाटी मोकळी करून घरी जाते.

लिनक्स आलं. मशीन पळायला लागलं, प्रिंटर रुसला.
आठवडाभर मी ज्या शिव्या दिल्या
त्या मनापासून होत्या.

मग सिन्नरचे भाऊसाहेब कोऱ्हाळे आले, वारसनोंदीला.
कागद लांब धरून म्हणाले, हा कोर्हाळे कोण?
र जागा सोडून ह च्या डोक्यावर जाऊन बसलेला.
म्हणाले, बाई, आमच्या बापानं जन्मभर
आडवी रेघ ओढून सही केली,
तुमच्या मशीननं त्याला टोपी घातली.

सांगायला गेलं तर चिमूटभर रेघ.
पण त्र्यंबकच्या दऱ्या धुक्यानं कितीही भरल्या
तरी त्यांना कुणी दर्या म्हणत नाही.

भाच्यानं जागा दाखवली, मी तक्रार लिहिली,
मोडक्या इंग्रजीत, कोऱ्हाळ्यांना विचारून फोटो लावला.
तिसऱ्या दिवशी उत्तर. कुणी योरिस म्हणून,
त्याच्या गावात मराठी बोलणारं बहुधा कुणी नसावं.
त्यानं विचारलं, ही रेघ नेमकी किती लांब असावी?

इतकी वर्षं टाईप करते,
मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मलाही सांगता येईना.
शेवटी भांडी बाजारात गेले, नावं घालणाऱ्या दगू तांबटांकडे.
त्यांनी काही न विचारता
वाटीच्या बुडावर टकटक ऱ्ह उमटवला,
दहा रुपये घेतले, वाटीचे वेगळे.
त्या बुडाचा फोटो समुद्रापलीकडे गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी नवी आवृत्ती आली.
मी छापून बघितलं: कोऱ्हाळे. रेघ आडवी, जागच्या जागी.
आनंदानं सिन्नरला फोन लावला.
ते म्हणाले, अहो, ते काम कधीच झालं,
मी पेनानं ओढून दिली होती.

धारणकर अजून उघड्यावरचं वापरत नाहीत.
वाटीत मी टाचण्या ठेवते.
प्रिंटरचं विचाराल तर,
सोमवारी चालतो.